मागच्या गाडीतला माणूस



आपल्या या सदरात एरवी आपण नव्या सिनेमांबद्दल गप्पा मारतो. कुठला बरा, कुठला मुलांना घेऊन पाहण्यासारखा, कुठला तिकिटाच्या पैशांवर पाणी सोडून मध्यंतरातच उठून येण्यासारखा. या वेळी मात्र एका जुन्या, पंचेचाळीस वर्षं उलटून गेलेल्या सिनेमाबद्दल लिहिणार आहे. त्याला निमित्त झालं आपल्या मुलांचं नाटुकलं, आणि खरं सांगायचं तर त्यातला एक बारा वर्षांचा गोरा साहेब!

झालं असं की कार्यक्रमासाठी मुलांकडून दहा मिनिटांचं काहीतरी ऐतिहासिक बसवून घ्यायचं ठरलं. शिवाजी महाराज दर वर्षी होतात, झाशीची राणी गेल्या खेपेला झाली, तेव्हा या वेळी चापेकर बंधू घ्या, असं कुणीतरी सुचवलं. लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मीही उत्साहाने एका रात्रीत लिहून टाकलं. प्लेग, रँडचा जुलूम, "गोंद्या आला रे", दोन गोळ्या, दोन साहेब खलास, भारतमाता की जय, पडदा. मनात म्हटलं, टाळ्या नक्की!

तालमी शारजातल्या एका घरी, शुक्रवारी दुपारी. शारजातल्या मुलांना शुक्रवारी सुट्टी आणि दुबईतल्यांची शाळा अर्ध्या दिवसाची, त्यामुळे तीच वेळ सगळ्यांना सोयीची. मुलं तालीम करत होती आणि आम्ही मोठी माणसं चहा घेत कपडेपटावर भांडत होतो. एका उत्साही वहिनींनी गावाहून डझनभर गांधी टोप्या मागवून ठेवल्या होत्या. त्यांना सांगावं लागलं, की अहो, १८९७ साली गांधीजी डर्बनला वकिली करत होते, त्यांच्या नावाची टोपी यायला अजून वीसेक वर्षं आहेत! मग पगड्या हव्यात. पगड्या कोण करणार? सत्त्व्यातल्या शिंप्याला फोटो दाखवला, तर त्याने विचारलं, "लग्न आहे का?" शिवाय एका चापेकराच्या मनगटावर वेळ, पावलं आणि हृदयाचे ठोके सांगणारं घड्याळ होतं, ते काढायला तो तयार होईना. एक गोष्ट मात्र विनासायास जमली. साहेबाचं तोडकंमोडकं मराठी बोलायला आपल्या मुलांना तालमीची अजिबात गरज पडली नाही!

हे सगळं चालू असताना दुसऱ्या साहेबाचं काम करणारा मुलगा माझ्याजवळ आला. त्याला एकही वाक्य नव्हतं. गोळी लागली की पडायचं, एवढंच. मला वाटलं वाक्य मागायला आला असेल. तो म्हणाला, "काका, माझं नाव काय आहे?"

मी म्हटलं, "आयर्स्ट. लेफ्टनंट आयर्स्ट."

"मग मी काय केलं होतं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला उत्तर माहीत नव्हतं. टोपी कुठल्या सालातली हे मला माहीत होतं. पण ज्याला मी माझ्या हाताने स्टेजवर मारत होतो, त्याने काय केलं होतं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री '२२ जून १८९७' पुन्हा पाहायला घेतला.

आपल्यापैकी काही जणांनी तो पाहिला असेल. १९७९ सालचा मराठी चित्रपट, दिग्दर्शक नचिकेत आणि जयू पटवर्धन. दोघंही व्यवसायाने वास्तुरचनाकार, आणि पुण्याचे. पटकथेत शंकर नाग यांचा सहभाग, म्हणजे पुढे दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' करणारे तेच. संवाद विजय तेंडुलकरांचे. प्रभाकर पाटणकर दामोदर झाले आहेत, रवींद्र मंकणी बाळकृष्ण, आणि टिळकांच्या भूमिकेत, विश्वास ठेवा, आपले सदाशिव अमरापूरकर. हिंदी सिनेमातला खलनायक म्हणून ज्यांनी त्यांना पाहिलंय, त्यांनी हे जरूर पाहावं. या चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेवरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दुसरा पुरस्कार कलादिग्दर्शनाचा. तोही पटवर्धन पतिपत्नींनाच.

हा दुसरा पुरस्कार महत्त्वाचा. पैसा असला की जुना काळ उभा करता येतो, हे आपण हल्ली पाहतोच. 'बॉम्बे व्हेल्वेट' (२०१५) साठी जुनी मुंबई चक्क श्रीलंकेत उभारली होती. पण वास्तुरचनाकार सिनेमा करायला बसतो, तेव्हा वाडा हा त्याच्यासाठी मागचा पडदा राहत नाही. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, देवघर, यांतली कुठली जागा कुणाची, कुठे परक्याने थांबायचं आणि कुठे घरच्या पुरुषानेसुद्धा चपला घालून जायचं नाही, हे सगळं त्याला माहीत असतं. आणि १८९७ च्या पुण्याची गोष्ट तर नेमकी तीच आहे. परका माणूस बूट घालून माजघरात शिरला, ही.

थोडा मागचा संदर्भ, मुलांना सांगता यावा म्हणून. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. साताऱ्याकडून वॉल्टर चार्ल्स रँड या आय.सी.एस. अधिकाऱ्याला आणून प्लेग समितीचा अध्यक्ष केलं. १३ मार्चपासून सुमारे ९०० शिपाई आणि अधिकारी घरोघर झडत्या घेऊ लागले. रोगी सापडला की इस्पितळात, घरची माणसं छावणीत, सामान जाळायचं, जमीन उकरायची, घर धुवायचं. त्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. म्हणजे साथ खोटी नव्हती, भीतीही खोटी नव्हती. आणि उंदराच्या अंगावरच्या पिसवेतून प्लेग माणसाला होतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं ते १८९८ साली! म्हणजे ९०० माणसं माणसांना शोधत होती, आणि खरा गुन्हेगार वाड्याच्या भिंतीतून पळत होता.

पूर्वी पुण्यात असताना मी हा सिनेमा पाहिला, तेव्हा झडत्यांच्या प्रसंगांत मला फक्त इंग्रजांचा राग आला होता. आता २०२० नंतर पाहताना तसं झालं नाही. आपण सगळ्यांनी ते दिवस इथे काढले आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये दुबईत किराणा आणायला बाहेर पडायचं तरी परवानगी काढावी लागे. देराचा अल रास भाग पूर्ण बंद होता. शेजारच्या दाराशी रुग्णवाहिका थांबली की आपण दरवाज्याच्या भोकातून पाहायचो, आणि मग आपलाच घसा दुखतोय असं वाटायचं. भारतात तर मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो हाच, १८९७ चा! साथीत कडक उपाय लागतात हे आता आपल्याला स्वतःच्या अनुभवाने कळतं. आणि म्हणूनच, ते उपाय करणाऱ्याने उंबऱ्यावर कसं वागायचं यावर सगळं अवलंबून असतं, हेही जास्त कळतं. रँडचं तिथेच चुकलं. रोग काढायला गेला, आणि माणसांचं घरपण उकरून ठेवलं.

पण इथेच इतिहास आपल्याला थोडा सावध करतो. झडत्यांच्या वेळी स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या बातम्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना विलायतेत पत्रांतून कळल्या, त्या त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितल्या. परत आल्यावर पुरावा देता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल पुण्यात त्यांना फार बोलणी खावी लागली. दुसऱ्या बाजूला पंडिता रमाबाईंनी आपल्या संस्थेतल्या मुलीला प्लेगच्या इस्पितळात काय सोसावं लागलं, ते स्वतःच्या नावानिशी लिहिलं. सरकार म्हणे, एकही विश्वासार्ह तक्रार नाही. लोक म्हणत, अत्याचाराला सीमा नाही. खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, पण दुःख मात्र नक्की खरं. असा काळ पडद्यावर दाखवणं हे पगडी बरोबर बांधण्यापेक्षा किती अवघड काम आहे, पाहा!

आता २२ जूनची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीत गव्हर्नरांच्या बंगल्यावर मेजवानी होती. (ती इमारत म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. आपल्यातल्या कित्येकांनी तिच्यासमोर परीक्षेच्या फॉर्मसाठी रांगा लावल्या आहेत.) आजूबाजूच्या टेकड्यांवर जाळ पेटवले होते. रस्त्यावर बघ्यांची गर्दी. चिंचवडच्या कीर्तनकार हरी विनायक चापेकरांची दोन मुलं अंधारात थांबलेली. जवळ पिस्तुलं आणि तलवारी. तलवारी घेऊन पळता येणार नाही, म्हणून त्या त्यांनी एका मोरीखाली ठेवून दिल्या. मध्यरात्र होत आली तसे पाहुणे परतू लागले. रँडची गाडी ओळखल्यावर खुणेचा शब्द गेला, "गोंद्या!" दामोदर गाडीमागे धावला, मागचा पडदा वर केला आणि अगदी जवळून गोळी झाडली.

इथपर्यंत आपल्याला पाठ आहे. पुढचं मात्र आपण घाईघाईत सांगतो. दोघांनी मिळून रँडवर गोळ्या झाडायच्या, असं ठरलं होतं. बाळकृष्ण थोडा मागे राहिला. तेवढ्यात मागून दुसरी गाडी आली. तिच्यातली माणसं एकमेकांशी कुजबुजताहेत, त्यांना संशय आला असावा, असं वाटून त्याने त्या गाडीतल्या एकाच्या डोक्यात गोळी घातली. तो आयर्स्ट. तो जागीच मेला. रँड मात्र ससून इस्पितळात ३ जुलैपर्यंत जिवंत होता.

म्हणजे त्या रात्री जागच्या जागी जो मेला, तो ज्याला मारायचं होतं तो नव्हता.

"मग मी काय केलं होतं?" या प्रश्नाचं उत्तर हे होतं. तो मागच्या गाडीत होता.

सिनेमा संपल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी पूर्वी कधी आली नव्हती. या सिनेमाच्या नावात माणूस नाही, तारीख आहे. 'वीर चापेकर' किंवा 'क्रांतीची ज्वाला' असं नाव देणं किती सोपं होतं! पण तारीख म्हटली की त्या दिवशी जे जे होते ते सगळे आले. राणीचा उत्सव करणारे आले, अंधारात थांबलेले आले, रँड आला, आयर्स्ट आला, आणि पुढे जे जे भरडले गेले तेही आले. कारण गुन्ह्याची गोष्ट गोळी सुटल्यावर संपत नाही. २०,००० रुपयांचं इनाम लागलं. नातू बंधूंना चौकशीशिवाय पकडून नेलं. टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. मुंबई पोलिसांचा ब्रुइन पुण्यात येऊन धागे शोधू लागला. द्रविड बंधूंनी माहिती दिली आणि दामोदर सापडला. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात त्याला फाशी झाली. ८ फेब्रुवारी १८९९ ला धाकटा वासुदेव आणि महादेव रानडे यांनी द्रविडांना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. आणि मग मे महिन्यात चार दिवसांच्या आत तीन फाशी: ८ तारखेला वासुदेव, १० ला रानडे, १२ ला बाळकृष्ण. एका घरातले तिन्ही भाऊ गेले.

नेहमीच्या गुन्हेपटात खून कुणी केला हे शेवटी कळतं. इथे ते पहिल्यापासून माहीत आहे, तरी माणूस खिळून बसतो, ते वातावरणामुळे. पात्रं जिन्यात उभी राहून भाषणं ठोकत नाहीत. घरात बोलावं तसं हळू बोलतात. नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या छायाचित्रणात वाड्यांचा अंधारही दिसतो. आणखी एक. चित्रीकरण झालं तेव्हा पुण्यात जुने वाडे बरेच शिल्लक होते. नंतरच्या वर्षांत त्यातले कितीतरी पाडून तिथे इमारती झाल्या. आपल्यातल्याच काहींनी त्या इमारतींत इथल्या कमाईचे फ्लॅट घेतले आहेत, मीही त्यातलाच! त्यामुळे १८९७ दाखवायला निघालेला हा सिनेमा आता १९७९ च्या पुण्याचाही पुरावा झाला आहे.

असो. पुढच्या शुक्रवारी मी नाटुकल्यात एक बदल सुचवला. आयर्स्ट पडल्यावर क्षणभर सगळं थांबावं, आणि निवेदन करणाऱ्या मुलीने सांगावं, की हा लेफ्टनंट आयर्स्ट, हा मागच्या गाडीत होता, याला मारायचं ठरलेलं नव्हतं.

चहाच्या टेबलावर एकदम शांतता. मग एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आपण हुतात्म्यांना खुनी म्हणायचं?" त्यांचा राग मला समजला. वर्षातून एकदा, परक्या देशात, आपल्या पोरांना आपला इतिहास अभिमानाने सांगायचा, आणि त्यातही काट्या मारायच्या? दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, "मुलं लहान आहेत हो, गोंधळतील." मलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे.

पण माझ्याकडे एक उत्तर होतं, आणि ते माझं नव्हतं, दामोदर चापेकरांचं होतं. त्यांनी तुरुंगात आपलं आत्मवृत्त लिहिलं. त्यात काहीच लपवलेलं नाही. आपल्याला जे धर्माचे शत्रू वाटले त्यांना कसं मारलं, सुधारकांचा किती तिटकारा होता, मुंबईच्या राणीच्या पुतळ्याला डांबर कसं फासलं, सगळं सांगितलं आहे. त्यातलं बरंच वाचताना आज आपल्याला अवघडल्यासारखं होतं. सावित्रीबाई ज्या शहरात रोग्यांसाठी जीव देतात, त्याच शहरातला हा तरुण सुधारकांना झोडपण्यात धन्यता मानतो! पण फाशी समोर दिसत असताना ज्या माणसाने स्वतःला सोज्वळ करून दाखवलं नाही, त्याला आपण सव्वाशे वर्षांनी शारजात बसून सोज्वळ करायचं? त्याच्या धैर्याला आपली रंगसफेदी लागते, असंच मग आपण म्हणतोय की.

गृहस्थ काही बोलले नाहीत. पटलं असंही म्हणाले नाहीत. पण पगड्या आणायचं काम त्यांच्याकडे होतं, ते त्यांनी सोडलं नाही.

मुलांच्या गोंधळण्याबद्दल म्हणाल, तर मुलं अजिबात गोंधळली नाहीत. दामोदर झालेल्या मुलाने विचारलं, "काका, मग बाळकृष्णाला नंतर वाईट वाटलं असेल का?" मी म्हटलं, तूच करून दाखव. तो, गोळी सुटल्यावर पळायच्या आधी, नुसता थांबला आणि बाळकृष्णाकडे वळून पाहिलं. हे मी लिहिलेलं नव्हतं. आमच्या दहा मिनिटांत जे काही वातावरण आलं, ते त्या एका थांबण्यात आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी टाळ्या पडल्या, पण मला वाटल्या होत्या तेवढ्या नाहीत. आयर्स्टच्या वेळी सभागृह गप्प होतं. नंतर बटाटेवड्याच्या रांगेत निदान चार घरांत त्यावरून वाद चालू होता, आणि वाद घालणाऱ्यांत मुलं होती! आपल्या मंडळाच्या कार्यक्रमानंतर मुलं १८९७ सालाबद्दल वाद घालताहेत, वडे संपले तरी घालताहेत, असं मी तरी पूर्वी पाहिलं नव्हतं.

तेव्हा वाचकहो, विनंती एवढीच. या विषयावर नंतरही काही झालं आहे, २०१९ साली 'गोंद्या आला रे' नावाची मालिकाही आली. तीही पाहा. पण '२२ जून १८९७' एकदा मुलांना शेजारी बसवून पाहाच. भाषा जड वाटली तर मध्ये थांबवून सांगा. ओसरी म्हणजे काय, माजघर म्हणजे काय, शिपाई तिथपर्यंत आला म्हणजे काय झालं. आणि मुलाने "तो दुसरा कोण?" असं विचारलं, तर माझ्यासारखं तोंड उघडून मिटू नका. त्याचं नाव सांगा.

जाता जाता, त्या डझनभर गांधी टोप्या तशाच पडून आहेत. १९२० नंतरच्या एखाद्या विषयावर कुणी नाटुकलं लिहून देणार असेल, तर मंडळाशी जरूर संपर्क साधावा!

पुढच्या अंकात भेटूच.